पाच चकत्या

शनिवार, ६ तारीख. दुपार

आलो एकदाचे. धक्क्यावर पाऊल टाकलं आणि वाऱ्याने माझी पिवळी टोपी पळवली. दातवाल्याने धावत जाऊन ती पाण्यात पडायच्या आत पकडली, आणि नव्या वहिनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना पळवणार असं दिसतंय, म्हणून जाहीर केलं. लग्नाला आठ महिने झाले तरी नवऱ्याच्या मित्रांत मी अजून नवी वहिनीच आहे. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे काही संपत नाहीत.

ही वही धाकट्या बहिणीने दिली. सोबत पाणी न शिरणारी पिशवी, गळ्यात अडकवायची. रोज लिही, नाहीतर तू दुसऱ्यांच्या बॅगा आवरत बसशील, असं बजावून दिली आहे. ती मला ओळखून आहे.

बोट शिडाची. दोन खोल्यांच्या घराएवढी लांब आणि आमच्या स्वयंपाकघराएवढी रुंद. आम्ही पाच जण. कप्तान हा मित्रांतला थोरला. एरवी लिफ्ट दुरुस्त करतो, वर्षातून एक आठवडा ही बोट घेतो आणि मग त्याला दुसरं काही म्हटलेलं चालत नाही. त्याची बायको म्हणजे मोठ्या वहिनी. शाळेत गणित शिकवतात आणि नवऱ्याला दर तासाला एकदा गप्प करतात. दातवाला खरोखरच दातांचा डॉक्टर आहे, या सगळ्यांच्या तोंडात त्याचीच कारागिरी आहे. आणि माझा नवरा. हा जमिनीचे नकाशे काढतो, पण पाणी दिसलं की बाहेर येत नाही, म्हणून याचं नाव पाणकावळा. दर वर्षी ही चौघं येतात. यंदा मी पाचवी. पाचांमुखी परमेश्वर, असं मोठ्या वहिनी म्हणाल्या आणि मला मिठी मारली. खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शनिवारीच, संध्याकाळी

कप्तानाने बोटीचे नियम सांगितले. चपला खाली काढायच्या, नळ सोडून ठेवायचा नाही, वगैरे. पण एका नियमाला त्याने थट्टा बाजूला ठेवली. मागच्या शिडीजवळ एक फळी आहे. तिच्यावर पाच खिळे आणि पाच लाकडी चकत्या, प्रत्येकीवर एकेकाचं नाव. एक बाजू पांढरी, एक लाल. बोटीवर असलं की पांढरी, पाण्यात किंवा बेटावर गेलं की लाल. पाचही पांढऱ्या दिसल्याशिवाय नांगर उचलायचा नाही. आणि आपली चकती आपणच पलटवायची, ओल्या हाताने, वर आल्या आल्या. नवऱ्याची बायकोनेसुद्धा नाही. लिफ्टच्या कामातही असंच असतं म्हणे, आत माणूस असला की बटणाला त्याने स्वतः लावलेली पाटी दुसऱ्याने काढायची नाही.

मी मान हलवली. मनात म्हटलं, याला माझ्या ऑफिसात आणायला हवं. हजेरीचं मस्टर माझ्याकडे असतं. जिन्यावर पावलं वाजली की माणूस वर यायच्या आधीच मी त्याची हजेरी लावून टाकते. बिचाऱ्याला लेटमार्क नको. अकरा वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.

रविवार, ७ तारीख. सकाळी

झोप छान लागली. पहिल्या बेटावर सकाळी पोहून आलो. पाणी इतकं स्वच्छ की नांगराची साखळी तळापर्यंत दिसते. हा तासभर बाहेर आला नाही. शेवटी कप्तानाने डबा वाजवला तेव्हा आला, आणि चकती पलटवताना माझ्या अंगावर मुद्दाम केस झटकले. नाश्त्याला अंडी आणि पाव. अंडी कोणी फोडायची यावर हा आणि कप्तान पंधरा मिनिटं भांडले. ह्याला वादात हरवणं कठीण. घरीही दूध उतू जाईपर्यंत हा दूध कसं तापवावं ते सांगत असतो.

मी सगळ्यांचे टॉवेल दोरीवर घातले, पोहायचे रबरी पंजे जोडीने लावले, डबे वर-खाली केले. मोठ्या वहिनी म्हणाल्या, बस गं जरा. बसता येत नाही त्याला काय करू. माझे हात सारखे शिवशिवतात.

सोमवार, ८ तारीख. दुपारी

आज अगदी लहान बेटावर थांबलो. पुढे वाळूचा पट्टा, मागे काळे खडक, वर मोजून सात नारळ. बेटाला नाव नाही. कप्तान म्हणाला, इथे नांगर नीट धरत नाही, अर्ध्या तासात निघू. पाणी मात्र विलक्षण होतं. हिरवं, आणि अंगाला कोमट म्हणे. मी बोटीवरच राहिले, चहा टाकला होता.

तेवढ्यात पश्चिमेकडून ढग आले. कप्तानाने डबा वाजवला. दातवाला आला, मोठ्या वहिनी आल्या, दोघांनी चकत्या पलटवल्या. नांगर घसरायला लागला होता. कप्तान पुढे साखळीपाशी ओरडत होता, पाची पांढऱ्या आहेत का, पाची आहेत का. एक लाल होती, ह्याची. शिडीवर पाय वाजले. मागून ह्याचा खोकला ऐकू आला. मी हात पुढे केला, असू दे, मी पलटवते म्हटलं, आणि पलटवली. कप्तानाला सांगितलं, पाची.

आणि हा आलाच की वर. ओलाचिंब, केस कपाळावर. माझ्याशेजारी बसला. जीव भांड्यात पडला.

कप्तानाला कळलं असतं तर ओरडला असता. कळलं नाही. आता धो धो पाऊस पडतोय, आम्ही सगळे खाली बसलोय, आणि बोट जोरात चालली आहे. चहा छान झालाय. ह्याने घेतला नाही.

मंगळवार, ९ तारीख. सकाळी

थोडी हुरहुर आहे. कारण सांगता येत नाही म्हणून लिहून बघते.

हा वाळत नाही. काल चारला पाण्यातून आला, टॉवेल दिला, हातात धरून बसला. सकाळी उठले तर गादीची ह्याची बाजू भिजलेली, आणि हा पुढच्या टोकाला जाऊन बसलेला. बसतो तिथे ओला डाग. ऊन कडक आहे, आमचे कपडे दहा मिनिटांत कडकडीत होतात.

ह्याचा पोहायचा चष्मा आणि पंजे सापडत नाहीत. काल वर आला तेव्हा पायात पंजे होते की नव्हते, आठवत नाही. विचारलं तर म्हणाला, आठवत नाही. माझेच शब्द.

ताप असेल. दातवाल्याने कपाळाला हात लावला, म्हणाला, गार आहे, समुद्र अंगात भिनलाय पाणकावळ्याच्या. सगळे हसले. हाही हसला, पण सगळ्यांचं हसणं थांबल्यावर.

मंगळवारीच, दुपारी

नाश्त्याला कप्तानाने मुद्दाम सांगितलं की अंडी अशीच फोडायची असतात. हा काही बोलला नाही. कप्तान वाट बघत राहिला. मलाही रडू यायला लागलं, अंड्यावरून.

चहा नाही, पाणी नाही, खाणं नाही. ताटातलं हळूच समुद्रात टाकताना पाहिलं मी.

मनात पाल चुकचुकते आहे. शिडीवर पाय वाजले, खोकला ऐकला. हा वर आलेला मात्र मी चकती पलटवल्यानंतर पाहिला. म्हणजे नंतर वर आलं ते... हे मी काय लिहिते आहे? नवरा आहे माझा. आठ महिन्यांत ओळखलं नसेल का मी?

कप्तानाला सांगावं का? काय सांगू? की पहिल्याच वर्षी, एकच नियम, तोच मोडला. आणि आता माझा नवरा मला ओला वाटतो. वेड लागलं म्हणतील. परत कधी आणणार नाहीत. तोंडात मूग धरून बसले आहे.

बुधवार, १० तारीख. सकाळी नऊ

आता सांगायलाच हवं.

सकाळी दातवाला ह्याला म्हणाला, खात नाहीस, दाढ दुखते का, आ कर. मागच्या वर्षी ह्याच्या खालच्या दाढेत त्यानेच चांदी भरली होती. ह्याने तोंड उघडलं. दातवाला वाकला, बघत राहिला, मग सरळ उभा राहून म्हणाला, ठीक आहे. आणि खाली निघून गेला. मी मागून गेले. तो हात धूत होता. धूत होता, पुसत होता, परत धूत होता. मग म्हणाला, चांदी नाही. पडली असेल, म्हटलं मी. तो म्हणाला:

"वहिनी, पडली तर भोक राहतं. तिथे अख्खी दाढ आहे. बत्तीसच्या बत्तीस अख्खे, एकाही दाताला झीज नाही. त्या दातांनी कधी काही चावलेलंच नाही."

मी त्याला चकतीचं सांगितलं. त्याने घड्याळाकडे पाहिलं.

सोमवारी दुपारी चार ते बुधवारी सकाळी नऊ. एक्केचाळीस तास. त्या बेटावर प्यायला पाणी नाही. मी चकती पलटवून इथे चहा पीत बसले.

बुधवार, अकरा

कप्तानाला आणि मोठ्या वहिनींना सांगितलं. कप्तान ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त फळीकडे पाहिलं, आणि विचारलं, तुम्ही का पलटवलीत? मी म्हटलं, येतोच आहे असं वाटलं. मोठ्या वहिनींचा अजून विश्वास नाही, त्या म्हणतात पोराला डॉक्टरला दाखवा. तरीपण कप्तानाने बोट वळवली. वारा चांगला आहे, दोनपर्यंत पोचू.

ते पुढे बसलंय. बोट वळली तेव्हा त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. माझ्याकडे बघून ते खोकलं. परवा शिडीवर खोकलं होतं, अगदी तसंच.

आता मी "हा" लिहू शकत नाही.

बुधवार, दीड

बेट दिसतंय. बसवत नाही. तीनदा दोऱ्या गुंडाळल्या, तीनदा सोडल्या.

एक गोष्ट केली आहे. फळीवरून दोन चकत्या काढून घेतल्या, माझी आणि ह्याची. वहीच्या पिशवीत ठेवल्या आहेत. कप्तान रिकामे खिळे बघून नांगर उचलणार नाही. या वेळी कोणी माझ्यासाठी पलटवायला नको.

बुधवार, अडीच. बेटावर

सापडला! जिवंत आहे. हा जिवंत आहे.

कप्तानाने बोटीमागे बांधलेल्या छोट्या होडीतून मला सोडलं. कंबरभर पाण्यात उतरले, तोल गेला, एकदा बुडून वर आले, टोपी वाहून गेली. नांगर घसरतोय म्हणून तो लगेच परत गेला, अर्ध्या तासात न्यायला येतो म्हणाला. हा खडकांच्या मागे सावलीत पडला होता. ओठ फुटलेत, तळपाय शिंपल्यांनी कापलेत, चालता येत नाही. पण अंग कोरडं आहे. कोरडं आणि गरम. मी किती वेळ नुसता हात लावत होते. सोमवारचा पाऊस ह्याने चष्म्यात आणि पंज्यांत साठवला, पडलेले दोन नारळ खडकावर आपटून फोडले. मी पाण्याची बाटली दिली तर म्हणाला, एकदम सगळं प्यायचं नसतं, आणि ते कसं ते सांगायला लागला. मी हसले आणि रडले.

मग ह्याने सांगितलं. सोमवारी हा पाण्यात होता, बोटीपासून हाकेच्या अंतरावर. ह्याला शिडीवर कोणीतरी चढताना दिसलं. पाठ ओळखीची वाटली. आपलीच पाठ माणूस कधी बघत नाही, म्हणून जरा वेळ लागला म्हणे. मग ओरडला. बोट निघाली होती.

ह्याने विचारलं, पण माझी चकती लाल होती ना? कप्तान लालवर निघतो कसा?

अजून सांगितलेलं नाही.

पावणेतीन

खडकावर चढून बोट बघते आहे. हा खाली पडलाय.

शिडीवरून कोणीतरी वर चढतंय.

बाई आहे. पिवळी टोपी. माझे कपडे.

ती कप्तानाकडे गेली. मान हलवतेय, नाही, नाही. बेटावर कोणी नाही असं सांगत असणार. मोठ्या वहिनींनी तिला जवळ घेतलं. मी ओरडते आहे. वारा तिकडून इकडे येतोय, काही पोचत नाही. मीच कंबरभर पाण्यात उतरले. मीच बुडाले. कोमट होतं पाणी

दोन्ही हात हलवले. कप्तानाने दुर्बीण लावली. मला पाहिलं. नक्की पाहिलं. ती त्याच्याशेजारी उभी राहून माझ्याकडे बोट दाखवतेय. कप्तान मागे सरकला. घाबरला. मला घाबरला.

त्याच्या दृष्टीने मी ते आहे.

आणि ती दोघं बोटीवर राहिली तर आम्हाला शोधायला कोणी येणार नाही. कोणी हरवलेलंच नाही.

तीन वाजता

चकत्या काढून वर धरल्या. लाल बाजू त्याच्याकडे. तो दुर्बिणीतून बघतोय. फळीकडे गेला. रिकामे खिळे. परत आला. साखळीवर हात ठेवून थांबलाय.

दातवाला मोठ्या वहिनींना मागे ओढतोय, त्या दोघांपासून लांब. शाबास. बोल, तू बोल, तुला दातांचं माहीत आहे

कप्तान ठरवत नाहीये. नियमावर अडलाय. चकत्या आणतील ती खरी माणसं, एवढंच धरून बसला असेल.

ह्याला सांगितलं. सगळं. मी पलटवली, तू वर यायच्या आधी. ह्याने बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाला:

"येतोच आहे असं वाटलं ना तुला? येतच होतो गं मी."

हात धरला माझा. कोरडा आहे.

तीन वाजून गेले

छोटी होडी सोडली. कप्तान नाही त्यात. तो साखळीपाशीच आहे.

दोघं आहेत. वल्ही मारताना पाठ आमच्याकडे असते. एक पाठ ह्याची. एकीवर पिवळी टोपी.

चकत्या न्यायला येतायत

हा गुडघ्यांवर उभा राहिलाय, हातात दगड. मी पिशवी गळ्यात घट्ट बांधली. वही आत टाकायला हवी. लिहिणं थांबवलं की तिकडे बघावं लागतं म्हणून

वल्ही थांबली. वाळूला लागली होडी. ह्याने मला मागे सारलं

ती उतरतेय. टोपीतून पाणी गळतंय. चेहरा मी बघणार नाही. हात पुढे केलाय तिने, ओला, आणि माझ्याच आवाजात, किती प्रेमाने, म्हणतेय, असू दे, मी पलट—